चिठ्ठ्या घातलेलं अंतराळ

अंतराळात कुणालाच काही दिसत नाही, असं मी पस्तीस वर्षं धरून चालले होते. मनात ठेवलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण मी ते चारचौघांत बोलून दाखवलं आणि एकदा त्याबद्दल शालही घेतली.

मी जन्मापासून आंधळी आहे. यासाठी आणखी चांगले शब्द निघालेत, ते मला माहीत आहेत. बहुतेक माइकवरून ऐकू येतात. घरी माय आंधळी म्हणते, मीही तेच म्हणते. आमचं गाव बेला मंडळात, म्हणजे तालुक्यात, पैनगंगेच्या अलीकडे. पलीकडे महाराष्ट्र. मी मंडळाच्या कचेरीत कारकून आहे. कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी, घरी आमची बोली आणि पुस्तकांत छापील मराठी. मला दिसत नाही हे मी चारही भाषांत सांगू शकते, आणि चारही भाषांत लोकांचं उत्तर एकच असतं : अरेरे.

बाबा मराठी शाळेत मास्तर होते. आजोबा दुसऱ्याच्या शेतात सालगडी, त्यामुळे आमच्या घरात अक्षर नवीन होतं, आणि नवीन भांड्यासारखं जपून वापरलं जायचं. मला नागपूरला अंध मुलींच्या वसतिगृहात ठेवलं ते बाबांनीच. तिथं ब्रेलची दोन कपाटं होती. एकात क्रमिक पुस्तकं, दुसऱ्यात थोरांची चरित्रं. ब्रेलमध्ये थोर माणसं फार जाड होतात. एका समाजसुधारकाचे सात खंड उचलून उचलून माझा खांदा दुखायचा, आणि सातव्या खंडातही ते वारले नव्हते.

खरं वाचन सुट्टीत, घरी. जेवण झालं की बाबा ओसरीत खाटेवर बसत, मी खाली भिंतीला टेकून, आणि माय आत भांडी घासता घासता कान देऊन. पुस्तकं बाबा नदीपलीकडून आणत. एकदा पांढरकवड्याला रद्दीच्या दुकानात त्यांना एक गठ्ठा मिळाला. बंद पडलेल्या कुठल्याशा वाचनालयाचा होता. त्यात निम्म्याहून जास्त पुस्तकं यानांची, ग्रहांची, परग्रहावरच्या लोकांची. बाबांनी आवडीनं निवडली नव्हती. गठ्ठा सुटा देत नव्हते, एवढंच.

त्या गठ्ठ्यातलं एक पुस्तक आम्ही सहा-सात सुट्ट्यांत सहा-सात वेळा वाचलं. नाव सांगत नाही. त्या लेखकाचा यात काही दोष नाही. गोष्ट साधी. चार माणसं एका लांबच्या ग्रहाच्या बर्फाळ चंद्राकडे निघतात. वाटेत यान बिघडतं, तरी ते पोचतात. तिघं परत येतात. त्या चौघांत एक बाई आहे, ती यानाची दुरुस्ती बघते. निघाल्यावर ती खिडकीपाशी जाते, तिथलं वाक्य मला तेव्हापासून पाठ आहे : "तिनं काचेला तळहात लावला. काच गार होती. घर किती लांब राहिलं ते तळहाताला कळलं."

या एका वाक्यावर मी विज्ञानकथांविषयीचं माझं सगळं मत उभं केलं.

मत असं : इतर पुस्तकांत माणसं सारखी बघत असतात. नायिकेकडे बघतात, डोंगराकडे बघतात, एकमेकांकडे बघून न बघितल्यासारखं करतात. मला त्यातलं काही लागत नाही. दुसऱ्याच्या लग्नातल्या वाढप्यासारखी मी पानामागून पान पुढे जाते. अंतराळाच्या पुस्तकांत तसं नाही. बाहेर अंधार. आत टिकटिकणारी यंत्रं. चालायचं तर दोर धरून. हरवलेला स्क्रू जाड हातमोज्यातून चाचपायचा. शेजारचा बोलला नाही तर तो आहे की गेला ते कळत नाही. हा माझा बाजाराचा रोजचा दिवस होता. मला वाटलं, हे एकच साहित्य असं आहे की ज्यात डोळसांना माझ्या गावी यावं लागतं.

तक्रारी होत्याच. या लेखकांना प्रकाशापेक्षा वेगानं जाणारं यान सुचतं, पण त्या यानाच्या तिकीट खिडकीवर बसलेली आंधळी बाई सुचत नाही. पुढच्या काळात आंधळे नसतातच. पहिल्याच प्रकरणात त्यांना धातूचे डोळे बसवून मोकळे होतात. परग्रहावरच्यांना तीन डोळे, सात डोळे, पाठीवर डोळे. एकही डोळा नसलेला कुणी आलाच तर तो मनातलं ओळखतो. मला लोक हेच विचारतात, "तुम्हाला माणूस ओळखता येत असेल नं आतून?" येत नाही. मला तलाठ्याचा पायरव ओळखता येतो, कारण त्याची एक चप्पल फाटलेली आहे.

आणि एक भीती होती. पुस्तकात तो चौथा माणूस यानाबाहेर अडकतो, त्याचा दोर तुटतो. बाहेर हवा नाही म्हणून आवाज नाही. तो ओरडतो, हातातली पकड यानावर आपटतो, काही ऐकू येत नाही. हा भाग बाबा फार रंगवून वाचत, थांबून, आवाज खाली नेत. अंधार मला माहीत नाही. ज्याला उजेड माहीत नाही त्याला अंधार कुठून? पण आवाज नसणं मला कळलं. पाऊल टाकावं आणि जमीन उत्तर देऊ नये. त्या सुट्टीत मी कितीतरी दिवस भिंतीवर बोटानं टकटक करत राहिले, भिंत आहे ना ते बघायला. माय म्हणाली, "पोरी, काऊन भित ठोकून राह्यली? पडन नं." मी सांगितलं नाही.

शालीची गोष्ट नंतरची. आदिलाबादला एका संस्थेनं माझा सत्कार केला. मी विज्ञानकथा वाचते ही बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली कोण जाणे. आंधळ्यानं वाचन करणं ही आपल्याकडे बातमी असते. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. त्यांनी सांगितलं की खरे आंधळे तर आपण डोळस लोक आहोत. टाळ्या पडल्या. हे वाक्य मी आजवर बारा-पंधरा सभांत ऐकलंय. म्हणणारा एकही जण नंतर काठी घेऊन घरी गेलेला नाही. मग मी माझं मत मांडलं, अंतराळात सगळे सारखे वगैरे, काचेला लावलेल्या तळहाताचं ते वाक्यही म्हणून दाखवलं. शाल मिळाली, नारळ मिळाला आणि एक मोठी चौकट मिळाली.

घरी मायनं ती उलटसुलट केली.

"हे काय व्हय? आरसा व्हय का?"

"ताऱ्यांचा फोटो आहे म्हणे."

"तुले देल्ला?"

"मलाच."

"त्याईले कोनी सांगतलं नाई का?"

चौकट तुरीच्या डाळीच्या पिंपावर झाकण म्हणून बरोबर बसते. अजून तिथंच आहे.

बाबांचे डोळे गेल्या वर्षी गेले. काचबिंदू होता, कित्येक वर्षं होता, आणि त्यांनी तो कुणाला सांगितला नाही. घरात एक आंधळं माणूस असताना दुसऱ्यानं तक्रार कशी करावी, असं काहीतरी असेल. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासलं आणि उशीर झाला म्हणाले. येताना बसमध्ये बाबा माझ्या शेजारी बसले होते. मला काही वाटलं नाही. लोकांनी नंतर पुष्कळ सांगितलं की तुला किती वाईट वाटलं असेल. मी हो म्हणत गेले. पण खरं म्हणजे त्या बसमध्ये मी एवढाच विचार केला की आता घरात काठ्या दोन होणार, तर एकीला दोरा बांधायला हवा.

मला वाटलं होतं, शिकवायला माझ्याकडे भरपूर आहे. चूल कुठं, रांजण कुठं, भिंतीला पाठ लावून दार कसं शोधायचं. बाबांनी काहीच शिकून घेतलं नाही. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. जेवण समोर आणून ठेवलं की जेवत. कुणी बोललं तर हं म्हणत. सहा महिने असे गेले. मंडळाच्या गावातले त्यांचे जुने विद्यार्थी पेपर वाचून दाखवायला आले. बाबा म्हणाले, नको. मी फोनवरून बातम्या लावल्या, नको. मी म्हटलं, "आपली ती जुनी पुस्तकं वाचू का? पेटीत आहेत."

तेव्हा ते पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले. "त्या पुस्तकांना हात लावू नको."

मी ते दुःख समजले. दुःखाला आपल्याकडे सगळं माफ असतं, म्हणून लोक पटकन तेच समजतात. पण मला एक गोष्ट हवी होती, आणि ती मी इथं स्पष्ट सांगते : या माणसानं पुन्हा एकदा ओसरीत बसून ऐकावं. त्यांनी माझ्यासाठी केलं होतं तेवढं मी करीन, म्हणजे फिटेल अशी माझी समजूत. त्यात माया किती आणि हट्ट किती ते मी तपासलं नाही.

बाबांना मुधोळच्या आत्याकडे चार दिवसांसाठी नेलं होतं, तेव्हा मी पेटी उघडली. फोनमध्ये पान वाचणारी सोय आहे. फोटो काढला की छापलेलं बोलून दाखवतो. दोन डब्यांवर फळी, फळीच्या टोकावर फोन, खाली पुस्तक. पानं माय उलटत होती. ती शाळेत गेलेली नाही, पण पुस्तक सरळ कुठलं आणि उलटं कुठलं ते तिला कळतं. मला एवढंच पुरे होतं.

फोन सगळं वाचतो. वाचनालयाचा शिक्का वाचला, किंमत वाचली, छापखान्याचा पत्ता वाचला. यंत्राला दया येत नाही, हा त्याचा मोठा गुण. मी आवाज भरभर लावून ऐकते, सवयीनं.

"पिसायल्या कोंबडीवानी काय बोलून राह्यलं ते?" माय म्हणाली. "तुले समजते?"

समजत होतं. दुसऱ्या प्रकरणात ती बाई खिडकीपाशी गेली. मी ओठांनी माझं वाक्य बरोबर म्हणायला तयार. फोन म्हणाला, खिडकीबाहेर पृथ्वी निळ्या काचेच्या गोटीसारखी तरंगत होती. म्हणाला, ढगांच्या पांढऱ्या रेघा, वाळवंटाचा तांबूस पट्टा, आणि कडेला सूर्योदयाची सोनेरी किनार. असं जवळजवळ पानभर. ती बाई बघत राहिली, बघत राहिली. तळहाताचा पत्ता नाही. काच गार की गरम, त्याबद्दल त्या लेखकाला काही म्हणायचं नव्हतं.

मी फोन थांबवला. "पान बरोबर आहे का?"

"पान बरोबर हाय. मंदात एक चिठ्ठी हाय."

"कसली?"

"कागदाची. हातानं लिवलेली. अन् पानावर बी पेन्सलीच्या रेघा हाय, अशा वाकड्या, इळ्यावानी."

चिठ्ठी फोनसमोर धरली. फोन म्हणाला, मजकूर सापडला नाही. बाबांचं अक्षर बारीक आणि तिरकं, आणि फोन छापील जातीचा. पुस्तकभर अशा चिठ्ठ्या निघाल्या. एकोणीस. मास्तर लोक तासाला जाण्याआधी टाचण काढतात, तसं बाबांनी माझ्या प्रत्येक सुट्टीआधी पुस्तकाचं टाचण काढलं होतं. जिथं जिथं कुणी काही बघत होतं तिथं कंस, आणि कंसाच्या जागी वाचायचं दुसरं काहीतरी, गार, जड, खरखरीत. गठ्ठ्यातल्या बाकीच्या पुस्तकांतही होत्या. त्या मी मोजल्या नाहीत.

मी मायला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मले वाटे, मास्तर हाय, लिवत असन काई. एकडाव म्या इचारलं. तं म्हने, पोरीले निळं काय सांगू? तिले नसलेलं कायले दाखवा?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्या म्हनलं, जगात तिले नसलेलं लय हाय, तुमी किती चिठ्ठ्या लिवान?"

म्हणजे माझं मत गेलं. अंतराळ हे डोळ्यांचंच गाव होतं, सगळ्यात जास्त. माझ्या गावी कुणी आलं नव्हतं. एका मास्तरनं पेन्सिल घेऊन तेवढी वाट झाडून ठेवली होती, आणि मी त्यावर भाषणं देत होते. राग यायला हवा होता. मी त्याची वाट बघितली, दोन दिवस, कचेरीत टंकलेखन करता करता. आला नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा डोक्यात यायची : जे माझ्यापासून लपवलं त्याची मला भीती नव्हती, आणि ज्याच्या भीतीनं मी भिंत ठोकत होते ते त्यांनी आवाज काढून वाचलं. त्यांनी उजेड गाळला आणि शांतता ठेवली. डोळस माणसाची चूक. मास्तर असून.

आणि त्या चिठ्ठ्या. घरात तीन माणसं. एक शाळेत गेली नाही, दोघांना दिसत नाही. बाहेरच्या कुणाला बोलावून वाचून घेता आल्या असत्या, पण ते मला नको होतं. म्हणजे त्या फक्त बाबांच्या तोंडून येऊ शकत होत्या, आणि बाबा आत्याकडून येऊन परत भिंतीकडे तोंड करून पडले होते.

रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी ओसरीत माझ्या जुन्या जागी बसले. एका कानात फोनची तार घातली. फोन एक वाक्य सांगणार, मी ते मोठ्यानं म्हणणार, असं ठरवलं होतं.

"बाबा, वाचते."

"नको म्हटलं होतं."

"तेच पुस्तक आहे."

खाट वाजली. ते वळले असावेत.

"फोननं वाचलं?"

"हो."

"सगळं?"

"तो सगळंच वाचतो. किंमतसुद्धा वाचली."

आतून माय म्हणाली, "आता कायले चूप बसता? चोरी तं सापडली नं."

"तू मधात बोलू नको," बाबा म्हणाले. मग मला म्हणाले, "तू दहा वर्षांची होतीस."

"मी पंचेचाळीस वर्षांची आहे, आणि मी यावर भाषण दिलंय. शाल घेतली."

"ते मी ऐकलं होतं."

"मग तेव्हा तरी सांगायचं."

"तुझं भाषण चांगलं झालं होतं," बाबा म्हणाले. "शाल परत घेतली असती त्यांनी."

बऱ्याच महिन्यांनी त्यांनी असं वाकडं काही म्हटलं. माय आत खोकल्यासारखी हसली. मी वाचायला सुरुवात केली. फोन कानात म्हणे, मी बाहेर म्हणे, एक वाक्य मागे. पहिलं प्रकरण संपलं. दुसऱ्यात खिडकी आली. मी गाळलं नाही. निळी गोटी, पांढऱ्या रेघा, तांबूस पट्टा, सोनेरी किनार, पानभर, एकाच सुरात, रेशनच्या यादीसारखं. बाबा ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "सोनेरी नाही. असतं तेव्हा नारिंगी असतं. मी एकदा नदीवर पाहिलं होतं, पहाटेच्या बसनं जाताना." मग थांबून म्हणाले, "ते आता असं आठवून बघावं लागतं."

मी पानातली चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिच्यावर बोट फिरवलं. कागदावर काही लागलं नाही, ते ब्रेल नव्हतं.

"ही दुसऱ्या प्रकरणातली?"

"हो."

त्यांनी वाक्य म्हटलं. मास्तरच्या आवाजात, थांबून, काच गार होती तिथं आवाज खाली नेऊन. पुढचं पान. मी छापलेलं म्हणायचं, चिठ्ठी द्यायची, त्यांनी चिठ्ठीतलं म्हणायचं. सगळ्या चिठ्ठ्या त्यांना पाठ होत्या असं नाही. दोन ठिकाणी त्यांनी नवीनच काहीतरी केलं, ते मला कळलं. दोर तुटलेल्या माणसाचा भाग आला तेव्हा ते जुन्यासारखं रंगवायला लागले, तर मी म्हटलं, "हे नको. हे भरभर घ्या." त्यांनी काऊन म्हणून विचारलं. मी सांगितलं. भिंतीचंही सांगितलं. बाबा म्हणाले, "तिथं मी कंस करायला पाहिजे होता," आणि आम्ही पुढे गेलो.

अकराव्या चिठ्ठीला ते अडले. चंद्रावर पोचतात ती जागा. मी छापलेलं वाचलं : बर्फ चांदीसारखा चकाकत होता, क्षितिजावर जांभळी छटा. चिठ्ठी दिली. त्यांनी ती बोटांत फिरवली, नाकाशी नेली, परत फिरवली.

"नाही येत," ते म्हणाले. "ही गेली."

मला येत होती. "पायाखालचा बर्फ मिठासारखा करकरला, आणि पहिल्यांदाच तिला आपल्या पावलाचा आवाज परत मिळाला."

चंद्रावरही हवा नव्हती. आवाज यायला नको. लेखकानं ही चूक केली नसती, बाबांनी केली होती, आणि दहा वर्षांची असताना ज्या एका ओळीनं मी भिंत ठोकायची थांबले ती ही ओळ होती. ते मला तेव्हाच, म्हणताना, कळलं.

"हे मी लिहिलं?" बाबा म्हणाले.

"अक्षर तुमचंच आहे म्हणते माय."

"चुकीचं आहे. तिथं हवा नसते."

"ठाऊक आहे."

"मग खोडायचं का?"

"पेन्सिल कुणाला दिसते?" मी म्हटलं. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात परत दिली, मी ती चाचपून त्याच पानात ठेवली, आणि बाबा म्हणाले, "बरं, बारावी घे."